नानांची आरएस

अकरावीची बॅच निघून गेली होती. सुलक्षणा प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी हात धूत होती, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस आधी जरा घुटमळला, मग म्हणाला, "मॅडम, मी धुळ्याहून भूषण बोलतोय, देवपूरमधून. आधार नाना बैसाणेंची मुलगी ना तुम्ही? गाडीच्या जुन्या कागदांत तुमचा नंबर सापडला. नाना बरेच महिने आले नाहीत. फोनही बंद लागतो. तब्येत बरी आहे ना त्यांची?" सुलक्षणाला वाटलं, हा चुकीच्या माणसाशी बोलतोय. तिनं विचारलं, "कुठे आले नाहीत?" तो म्हणाला, "इकडे. गाडीकडे." नळ चालूच होता. तिनं तो बंद केला आणि सांगितलं की नाना गेले, आठ महिने झाले.  मग तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी कळवलं नाही हो." आणि लगेच, आपण काहीतरी वावगं बोललो असं वाटून, "म्हणजे तुम्ही तरी कसं कळवणार. तुम्हाला कुठे माहीत होतं." इंजिन उघडायचं होतं, नानांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं, म्हणून फोन केला, असं काहीसं तो पुढे बोलत राहिला. तिला त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

गाडीकडे. तो शब्द तिच्या कानात असा राहिला की स्टाफरूममध्ये कुणीतरी काहीतरी विचारलं तेव्हा तिनं उत्तर काय दिलं तेही तिला नंतर आठवेना. कॉलेजमधून घरापर्यंतचा रस्ता ती रोज स्कूटरवर दहा मिनिटांत कापायची. त्या दिवशी ती स्कूटर स्टँडवरच ठेवून चालत निघाली. सात वर्षं तिनं ज्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, ती गोष्ट जळगावच्या उन्हात तिच्या शेजारून चालत होती. नानांना तिनं खोटं सांगितलं होतं. एकदा नाही, सहा वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, समोर बसून, त्यांच्या ताटात वाढता वाढता. "पार्ट उना का व माय?" ते विचारायचे. घरात ते कायम खानदेशीच बोलायचे, अमळनेरच्या तेलाच्या मिलमध्ये साहेबांशीही तसंच बोलले असतील. आणि ती म्हणायची, "नाही नाना, बाहेरच्या देशातून यायचाय, वेळ लागतो." ते म्हणायचे, "हां. येईल." आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे. कुठलाही पार्ट येणार नव्हता. ती सांगायची तशी गाडी दुरुस्तीला गॅरेजमध्ये नव्हतीच. ती विकली गेली होती, आणि विक्रीच्या कागदांवर नानांची सही सुलक्षणानं दवाखान्यात, सलाईन लावलेलं असताना घेतली होती. "इन्शुरन्सचे कागद आहेत," असं म्हणून.

गाडी नानांनी निवृत्त झाल्यावर घेतली, सुलक्षणाची मुलगी ज्योती जन्मली त्या वर्षी. नाशिकच्या एका डॉक्टरांची जुनी ऑक्टाव्हिया आरएस. घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं नाना छोटी, कमी पेट्रोल पिणारी काहीतरी घेतील. चंदेरी रंगाची ती लांबट गाडी दारात उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, ही तर सरकारी साहेबाची दिसते. दिसायची तशीच, चार माणसं, एक मूल आणि डब्यांच्या पिशव्या मावतील अशी घरगुती गाडी. फक्त मागे डिकीवर आरएस ही दोन छोटी अक्षरं होती, आत शर्यतीच्या ताकदीचं इंजिन असल्याची खूण, आणि त्या अक्षरांचा अर्थ ज्याला कळायचा तो पेट्रोलपंपावर मुद्दाम जवळ येऊन उभा राहायचा. नानांना हेच आवडायचं. "रस्त्यात कोणाले कळत नही," ते म्हणायचे, "अन कळस तवय आपण पुढे निंघी गयेल ऱ्हातस." मिलमध्ये पस्तीस वर्षं मशिनरी सांभाळलेला माणूस. बेअरिंग जायला आलं की भिंतीपलीकडून सांगायचा. त्याला दीडशे घोड्यांचं इंजिन म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की ते आरशात एकदा मागे बघायचे, आईला म्हणायचे, "डबा धर," आणि मग पाठ सीटला चिकटायची. घाई अशी नव्हती त्या वेगात. कुणीतरी मोठ्या हातानं आपल्याला अलगद उचलून पुढे ठेवावं, तसं वाटायचं. आई डोळे मिटून घ्यायची. सुलक्षणा मागे बसून ज्योतीला घट्ट धरायची आणि मनात म्हणायची, या वयात कशाला हवंय हे यांना.

आणि तीच गाडी नुकत्याच जन्मलेल्या ज्योतीला दवाखान्यातून घरी आणताना त्यांनी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नव्हती. रिक्षा पुढे जात होत्या, सायकलवाला एक पुढे गेला. गावी, अमळनेरजवळ, जयंतीला जाताना एका गल्लीपाशीही गाडी तशीच हळू व्हायची. त्या गल्लीतून नानांचे वडील चपला हातात घेऊन चालायचे, हे सुलक्षणाला आईनं सांगितलं होतं; नाना कधी बोलले नाहीत. ते फक्त त्या गल्लीतून पायी चालणाऱ्याच्या गतीनं गाडी न्यायचे, काचा खाली करून, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना रामराम, जयभीम, ज्याला जे चालेल ते म्हणत. घोडे सगळे आत बांधलेले. सुलक्षणाला हे त्या वेळी दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. तिला वाटायचं नानांना वेगाचं वेड आहे. वेग वापरायचा नाही म्हणूनही माणूस वेगवान गाडी ठेवू शकतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

मग ती दुपार. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, नाना जळगावला सुलक्षणाकडेच राहत होते. अकरा वर्षांच्या ज्योतीला घेऊन ते अमळनेरहून परत येत होते, आणि एरंडोलच्या अलीकडे त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. मेंदूत गुठळी. त्यांनी उजव्या हातानं गाडी कडेला घेतली, थांबवली, चारही दिवे लुकलुकते ठेवले, आणि मग बोलणं गेलं. ज्योतीनं त्यांच्याच मोबाइलवरून घरी फोन केला. गाडीला ओरखडाही आला नव्हता. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सुलक्षणाला न घडलेलं सगळं दिसत होतं, समोरून येणारा ट्रक, उलटलेली गाडी, ज्योतीची चप्पल रस्त्यावर. डॉक्टर म्हणाले, सध्या गाडी चालवायची नाही, पुढचं पुढे बघू. नवरा राजदीप म्हणाला, "नानांना सरळ सांगू. ऐकतील." ती म्हणाली, "तू ओळखत नाहीस त्यांना. गाडीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकणार नाहीत." गाडी विकायला एजंट तिनेच शोधला. चौथ्या दिवशी कागद आले. नानांचा उजवा हात शाबूत होता. त्यांनी खुणेनं चष्मा मागितला, कागद छातीवर धरले, बराच वेळ धरले, आणि जिथे तिनं बोट ठेवलं तिथे सही केली. तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे तिला आता सगळ्यात जास्त टोचत होतं, की त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी ती धुळ्याच्या एसटीत बसली. राजदीपला तिनं कॉलेजचं काम सांगितलं, आणि सांगताना आपल्या जिभेला किती सवय झाली आहे हे तिला कळलं. नाना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी "अमळनेरले जाई येस" म्हणून निघायचे. मिलमधले जुने लोक भेटतात, असं ते म्हणायचे. काठी घेऊन, धुतलेला शर्ट घालून. ती डबा करून द्यायची आणि तिला बरं वाटायचं, की यांचं मन रमतंय. दोघं एकमेकांना एकाच घरात, एकाच टेबलावर, इतक्या सुरळीतपणे खोटं सांगत होते. खिडकीतून केळीच्या बागा मागे जात होत्या. हा अडीच तासांचा रस्ता नाना त्या कमजोर डाव्या पायानं, या धक्क्यांच्या सीटवर, महिन्याला एकदा करत होते.

देवपूरमध्ये भूषण फाटकाशी उभाच होता. पस्तिशीचा, लग्नपत्रिका छापायचा धंदा, बोटांच्या नखांत शाई. अंगणात निंबाच्या सावलीत गाडी होती. सुलक्षणाला वाटलं होतं ती जुनी, दमलेली दिसेल. तशी ती नव्हती. पुसलेली होती, टायर नवे होते, आणि मागची दोन अक्षरं जागच्या जागी होती. पायऱ्यांवर भूषणची आई बसली होती, ताईबाई, तांदूळ निवडत. "ये व माय, बैस," ती म्हणाली. "नाना याच पायरीवर बठेत. तुले माहीत नव्हतं का, ते आठे येत?" सुलक्षणानं मान हलवली. ताईबाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

भूषण बोलायला लागला तसा थांबेना. गाडी घेऊन चार महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी रिक्षातून काठी टेकत नाना उतरले. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, गाडी बघायला आलो, माझी होती. "मी तर घाबरलो, ताई. म्हटलं, आता हे परत मागतात का काय, काही भानगड करतात का. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. म्हणाले, घाबरू नको. सही मीच केली आहे. वाचून केली आहे." सुलक्षणानं विचारलं, "वाचून, असं म्हणाले?" "हो. म्हणाले, मिलमध्ये पस्तीस वर्षं न वाचता एका कागदावर सही केली नाही, ती सवय काय आता जाणार. माझा पत्ताही त्यातच वाचला होता त्यांनी." तो हसला. त्याच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखंच होतं. सुलक्षणा पायरीवर बसली होती आणि तिला तो चष्मा, छातीवर धरलेले कागद, आणि कागदाच्या वरच्या ओळीवर थांबलेली ती नजर दिसत होती. मालकी हस्तांतरण. ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते. म्हणजे त्या दिवसापासून. म्हणजे पहिल्यांदा "पार्ट उना का" असं त्यांनी विचारलं त्याच्याही आधीपासून. ते चौकशी करत नव्हते. ते दर वेळी तिच्यापुढे एक दार उघडून धरत होते, आणि ती दर वेळी म्हणत होती, अजून आला नाही, वेळ लागतो. आणि ते दार हळूच लोटून घेत होते. हां. येईल.

"मग काय करायचे इथे येऊन?" तिनं विचारलं.  भूषण म्हणाला, "ऐकायचे. मी बॉनेट उघडून इंजिन चालू करायचो, ते डोळे मिटून उभे राहायचे. कधी म्हणायचे, दोन नंबरचा प्लग बघ. कधी नुसते मान हलवायचे. लांबून आलं की गाडी लगेच बंद करू दिली नाही कधी मला. मिनिटभर चालू ठेव म्हणायचे, पळून आलेल्या माणसाला लगेच झोपवतात का. मग आत बसायचे, स्टिअरिंगपाशी, आणि डाव्या पायानं क्लच दाबायचे. सोडायचे, दाबायचे. सुरुवातीला अर्धाही जायचा नाही. दोन वर्षांनी पूर्ण दाबला, तेव्हा आईनं शिरा केला होता." ताईबाई म्हणाली, "दोन वाट्या खाल्लात त्यास्नी." त्या पायाला ताकद आली तेव्हा सुलक्षणानं घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीला साडी दिली होती.

"चालवायचे?" हा प्रश्न विचारायला तिला वेळ लागला. विचारताना तिला वाटत होतं, तो हो म्हणाला तर बरं होईल. चोरून चालवत होते म्हणाला, तर निदान आपण बरोबर होतो. भूषणनं लगेच मान हलवली. "एकदाही नाही. मी किती वेळा किल्ली पुढे केली. म्हटलं, नाना, पाय आता चांगला आहे, मोकळा रस्ता आहे, मी शेजारी बसतो. नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय, संपलं. म्हणायचे, मिलमध्ये स्विचवर पाटी लावलेली असली की कोणी कितीही मोठा असो, स्विचला हात लावायचा नाही. आत माणूस काम करत असतो." सुलक्षणाला ती पाटी माहीत होती. लाल रंगाची, तारेनं अडकवलेली. लहानपणी नानांच्या डब्यासाठी मिलमध्ये गेल्यावर तिनं पाहिली होती. नुसती पाटी लावायची होती. नाना, आता चालवू नका, मला भीती वाटते, एवढं म्हणायचं होतं. राजदीपला ते दिसलं होतं, परक्या घरातून आलेल्या माणसाला. आणि ती, जिला नानांचा सगळा स्वभाव पाठ आहे असं वाटत होतं, तिनं त्या माणसाला कपाटातल्या औषधासारखं उंचावर ठेवून दिलं होतं.

"माझ्याबद्दल काही बोलायचे का?" भूषणनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. ते तिला दिसलं, तो कपाळाला आठ्या घालून सहा वर्षांचे रविवार धुंडाळत होता, तिला द्यायला काहीतरी सापडावं म्हणून. "नाही हो ताई," तो शेवटी म्हणाला. "गाडीचंच बोलायचे."  ताईबाई तांदळातला खडा बाजूला काढत होती.

चहा झाल्यावर भूषण म्हणाला, चला, एक चक्कर मारू, नानांना मी न्यायचो तशी. सोनगीरच्या दिशेला हायवेला लागल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. "घ्या." ती म्हणाली, मी मोठी गाडी फार चालवलेली नाही. तो म्हणाला, ही मोठी नाही, शहाणी आहे. या गाडीत ती आजवर फक्त मागे, डाव्या बाजूला बसली होती. सीट मागे होती, ती पुढे ओढावी लागली. पहिला, दुसरा, तिसरा. काही विशेष वाटेना. घरगुती गाडी, जरा जड क्लच. मग चौथ्यात तिनं पाय जरा जास्त दिला आणि क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग खालून कुठूनतरी ते आलं. पाठ सीटला टेकली. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळली, आणि तिच्या छातीतलं काहीतरी, जे दवाखान्यापासून, किंवा त्याच्याही फार आधीपासून आवळून धरलेलं होतं, ते सुटून मागे राहिलं. गाडी थरथरली नाही, ओरडली नाही. जणू म्हणाली, एवढंच ना, आहे माझ्याकडे. आणखीही आहे. एका एकावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे हे होतं. वेड नव्हतं. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी ना कुणी थांब म्हणालं, त्याच्या पायाखाली हे होतं, आणि ते असूनही तो थांबायचा, ते स्वतःच्या मर्जीनं. आपल्याला एकदा तरी पुढे बसावंसं वाटलं असतं तर. एकदा विचारलं असतं, नाना, काय वाटतं हो तुम्हाला. तिनं पाय उचलला. भूषण खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली नाही. शेजारी पारोळ्याला उतरणारी एक बाई कोथिंबिरीची पिशवी घेऊन बसली होती. सुलक्षणानं ज्योतीला फोन लावला. ज्योती नाशिकला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. "काय गं आई, या वेळेला?" "ज्योती, तुला एक सांगायचंय. नानांच्या गाडीचं." पलीकडे होस्टेलमधला गलका ऐकू येत होता, मग एक दार बंद झाल्याचा आवाज आला. सुलक्षणानं सगळं सांगितलं. दवाखाना, कागद, इन्शुरन्स म्हटलेलं, एजंट, धुळे. शेजारची बाई ऐकत होती, ऐकू दे.  

"आई," ज्योती म्हणाली, आणि तिचा आवाज अकरा वर्षांच्या पोरीचा झाला होता. "म्हणजे गाडी बिघडलीच नव्हती?"

"नाही गं. काहीच झालं नव्हतं तिला."

"त्या दिवशी मी नानांना म्हटलं होतं, अजून जोरात. दोनदा म्हटलं. ते नको म्हणत होते. मग त्यांनी पळवली, आणि मग त्यांचा हात..." ती थांबली. "मला वाटायचं माझ्यामुळे इंजिन जळलं. आणि नानांना त्याचाच धक्का बसला. ते पार्टचं विचारायचे ना जेवताना, तेव्हा मी उठून जायचे. तुला आठवतं? तू ओरडायचीस, ताटावरून उठू नकोस म्हणून."

आठवत होतं. पोरगी जेवणात नखरे करते, असं सुलक्षणा सगळ्यांना सांगायची. एसटी एका गतिरोधकावरून उडाली, शेजारच्या बाईनं पिशवी सावरली. सुलक्षणा फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "ज्योती, तुझ्यामुळे काही झालं नाही. ती गुठळी होती. ती घरी बसूनही झाली असती. तुझ्यामुळे काही झालं नाही, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ज्योती म्हणाली. ती रडत होती, पण रडू दाबत नव्हती. मग नाक ओढून, नानांच्याच घरातल्या भाषेत तिनं विचारलं, "मग माले काबं नही सांगं व माय? सात वर्षं?"

 या वेळी सुलक्षणानं काही रचलं नाही. "चुकले मी," ती म्हणाली, आणि एरंडोल येईपर्यंत दोघींनी फोन चालू ठेवला.